गरम कोंबडी, गार कोंबडी

संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. सुपरमार्केटच्या सरकत्या पट्ट्यावर दूध, ब्रेडचे दोन पुडे, केळी, डझनभर अंडी, पीनट बटरची बरणी आणि सगळ्यात शेवटी, प्लास्टिकच्या झाकणाखाली वाफ धरलेली अख्खी भाजलेली कोंबडी. बाईच्या अंगावर वृद्धांची सेवा करणाऱ्या मदतनिसांचा असतो तसा निळा गणवेश होता. शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा पिशव्या उघडून धरत होता. तिने सरकारी अन्नमदतीचं कार्ड ओढलं, चार आकडे दाबले, सामान वजा झालं आणि पडद्यावर सात डॉलर तसेच उरले. कॅशियर मुलीने आवाज खाली आणून सांगितलं, "गरम आहे ना, त्या कार्डावर नाही चालत." बाईने पर्स उघडलीसुद्धा नाही. कोंबडी उचलून कॅशियरच्या हातात दिली, आणि मुलगा पिशव्या घेऊन दाराकडे चालू लागला. गिऱ्हाइकाच्या हातातून परत आलेलं गरम अन्न पुन्हा विक्रीला ठेवत नाहीत. ती कोंबडी कचऱ्यात गेली.

त्याच दुकानात थोड्याच अंतरावर, थंड कपाटात, आदल्या दिवशी न खपलेल्या भाजलेल्या कोंबड्या गार करून ठेवलेल्या असतात. त्या त्याच कार्डावर चालतात. कच्ची अख्खी कोंबडी चालते. मसाला लावून ट्रेमध्ये बांधलेली, नुसती ओव्हनमध्ये सरकवायची, तीही चालते. तोच पक्षी, तीच भट्टी, तेच मीठ. फरक एवढाच की पैसे देण्याच्या क्षणी ती गरम होती. अमेरिकेतल्या गरिबीबद्दल बोलताना सहसा मोठे आकडे पुढे येतात, वरच्या एका टक्क्याकडे किती आणि खालच्या निम्म्यांकडे किती. ते आकडे खरेच आहेत. पण विषमता रोजच्या जगण्यात कुठल्या रूपाने पोचते हे बघायचं असेल तर या सात डॉलरच्या कोंबडीपाशी थांबायला हवं.

कार्डाचं नाव ईबीटी. गरिबांना किराण्यासाठी मदत देणाऱ्या सरकारी योजनेचं नाव स्नॅप, जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही फूड स्टॅम्प. २०२४ साली दर महिन्याला सरासरी चार कोटींहून अधिक माणसं, म्हणजे देशातला साधारण आठांतला एक जण, या कार्डावर किराणा घेत होता. कायद्यात अन्नाची व्याख्या आहे ती अशी: घरी नेऊन खायचं कुठलंही अन्न, वगळायचं ते दारू, तंबाखू आणि लगेच खाण्याजोगं गरम अन्न. दारू, तंबाखू आणि गरम जेवण एका ओळीत बसवलेलं आहे. या व्याख्येतून पुढे जे फाटे फुटतात ते दुकानात काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतात. वाढदिवसाचा केक चालतो, पण त्यावरच्या न खाण्याजोग्या सजावटीची किंमत एकूण किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नाही. खायचा भोपळा चालतो, शोभेचा चालत नाही. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर पोषणमूल्यांचा तक्ता अन्नपदार्थाचा असेल तर ते अन्न. आहारपूरकाचा असेल तर नाही. बिया आणि रोपं चालतात, ज्यांच्यापासून घरच्या खाण्यापुरतं काही उगवतं ती सगळी. इंडियन ग्रोसरीत ईबीटी घेत असतील तर तूरडाळ, ज्वारीचं पीठ, गूळ, कढीपत्त्याचं रोपसुद्धा या कार्डावर येतं. फ्रीझरमधला समोशांचा खोका येतो. काउंटरवरचा गरम समोसा येत नाही. साबण, टॉयलेट पेपर, लहान मुलांचे डायपर, पाळीतले पॅड, भांड्यांची पावडर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांतलं काहीही येत नाही. म्हणून सराईत हात पट्ट्यावर सामान दोन ढिगांत लावतात, मध्ये दुभाजक ठेवतात, आणि रोख पैशांचा ढीग छोटा, मागे, शक्यतो लक्षात येणार नाही असा असतो.

नियम करणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असं मला वाटत नाही. सरकारी पैशातून हॉटेलचं जेवण नको, कच्चा माल घ्यावा आणि घरी रांधावं, म्हणजे पैसा पुरेल, हा विचार कुठल्याही काटकसरी घरात पटेल असा आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे, आणि पुढचा सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. गरीब माणसाकडे पैसा नसतो, वेळ मात्र भरपूर असतो, असं ते गृहीतक.

चार पौंडांची कच्ची कोंबडी घ्या. ओव्हन ३५० अंश फॅरेनहाइटला तापायला दहा-पंधरा मिनिटं. मग पौंडामागे वीस मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. मांडीच्या जाड भागात १६५ अंश भरले की कोंबडी शिजली, वर दहा मिनिटं मुरायला. साडेसातला दुकानातून निघालेली बाई बसने आठ-सव्वाआठला घरी पोचली तर ताटात कोंबडी पडायला दहा वाजतात. मूल शाळेत जायला सकाळी सहाला उठणार. हे झालं ओव्हन असलेल्या घरात. आठवड्याच्या भाड्यावर मोटेलमध्ये राहणारी कुटुंबं अमेरिकेत थोडीथोडकी नाहीत. महिनाभराची आगाऊ अनामत जमत नाही म्हणून ती तिथे राहतात आणि एकूण भाडं घरापेक्षा जास्त भरतात. तिथे असतो एक मायक्रोवेव्ह आणि गुडघ्याएवढा फ्रीज. त्या फ्रीजमध्ये दुधाचा गॅलन आणि कच्चं मांस एकत्र मावत नाही. त्या खोलीत कच्ची कोंबडी हे अन्नच नव्हे. गरम कोंबडी हे दोन दिवसांचं जेवण आहे, पहिल्या रात्री मांस, दुसऱ्या दिवशी ब्रेडमध्ये घालून, उरलेल्या हाडांचं पाणी.

मदतीची रक्कम ठरते ती थ्रिफ्टी फूड प्लॅन नावाच्या एका काटकसरी टोपलीवरून. शेतीखातं चौघांचं नमुना कुटुंब धरतं: एक पुरुष, एक स्त्री, सहा ते आठ आणि नऊ ते अकरा या वयांतली दोन मुलं. त्यांनी घरी रांधून पोषक खायचं ठरवलं तर कमीत कमी किती लागेल, हा हिशेब. १९७५ पासून महागाई सोडता ही टोपली जवळपास तेवढीच राहिली. २०२१ मध्ये पहिल्यांदा तिचा खरा फेरआढावा झाला आणि रक्कम २१ टक्क्यांनी वाढली. त्या टोपलीत डाळी, घेवडे, भाज्या, पीठ यांची किंमत आहे. घेवडे रात्रभर भिजत घालण्याच्या, शिजवण्याच्या, भांडी घासण्याच्या वेळाची किंमत शून्य धरलेली आहे. आपल्याकडे बाईच्या घरकामाचा हिशेब कुणी मांडत नाही, याची सवय झालेल्या आपल्याला हे ओळखू यायला वेळ लागू नये.

गरिबीची अधिकृत रेषासुद्धा अन्नाच्या टोपलीतूनच निघाली. १९६३-६४ च्या सुमारास सोशल सिक्युरिटी, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या सरकारी खात्यातल्या अर्थतज्ज्ञ मॉली ओर्शान्स्की यांनी शेतीखात्याची सर्वांत स्वस्त टोपली घेतली आणि तिला तीनने गुणलं, कारण १९५५ च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर खर्च करत होती. ती टोपली पैशाची तात्पुरती ओढाताण असताना वापरायची म्हणून बनवलेली होती. आज अमेरिकन कुटुंब खाण्यावर तिसऱ्या हिश्शाहून बरंच कमी खर्च करतं. भाडं, पाळणाघर, दवाखाना यांनी ताट बाजूला सारलं आहे. रेषा मात्र तीच, फक्त दर वर्षी महागाईने वर सरकवलेली. २०२५ साठी तिघांच्या कुटुंबाला ती वर्षाला २६,६५० डॉलर होती.

आता एका कुटुंबाचा हिशेब मांडून बघू, कारण या योजनेचं खरं रूप गणितात दिसतं. आई आणि दोन मुलं. तासाला १२ डॉलर, आठवड्याला ३० तास. महिन्याचे आठवडे ४.३ धरले तर १,५४८ डॉलर. कमावत्याला प्रोत्साहन म्हणून त्यातले २० टक्के सोडून देतात, राहिले १,२३८. प्रमाणित वजावट २०९, राहिले १,०२९. भाडं ९०० आणि वीज-गॅसचे प्रमाणित ३०० मिळून घराचा खर्च १,२००. तो उरलेल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जितका जास्त तितका आणखी वजा, म्हणजे ६८५. हिशेबात धरायचं उत्पन्न उरलं ३४४. कुटुंब त्याचे ३० टक्के स्वतः खाण्यावर खर्च करील असं मानून १०४ डॉलर तिघांच्या कमाल रकमेतून कापायचे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कमाल रक्कम ७८५ आहे. कार्डावर पडले ६८१. मालकाने तिचा पगार तासाला दोन डॉलरनी वाढवला असं समजा. महिन्याला २५८ डॉलर जास्त. हाच हिशेब पुन्हा केला की कार्डावर पडतात ५८८, म्हणजे ९३ कमी. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, वीसेक डॉलर गेले. २५८ च्या वाढीतले हातात आले १४५. मुलांच्या पाळणाघराची सवलत किंवा भाड्यातली मदत असेल तर तीही याच वेळी आपापल्या गणिताने घटते. खूप कमावणाऱ्यांना शेवटच्या डॉलरवर किती कर द्यावा लागतो यावर अमेरिकेत निवडणुका लढवल्या जातात. या आईच्या शेवटच्या डॉलरमधले चव्वेचाळीस सेंट जातात, त्यावर कुणी बोलत नाही.

आणि ती काम करते, हे विसरायला नको. २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने पाहणी केली तेव्हा स्नॅप घेणाऱ्या पगारदार प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णवेळ तास भरत होते. माहिती देणाऱ्या राज्यांमध्ये त्यांच्या मोठ्या मालकांच्या यादीत वॉलमार्ट आणि मॅकडॉनल्ड्स वर होते. किमान वेतनाचा केंद्रीय दर जुलै २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर थांबलेला आहे. पगारात जे पडत नाही ते करदाता कार्डावर टाकतो, आणि कार्ड पुन्हा त्याच दुकानाच्या काउंटरवर ओढलं जातं.

पण योजना चांगलीच आहे, हे ठासून सांगायला हवं. तिच्याआधीचं चित्र ज्यांना माहीत आहे ते तिच्यावर टीका करताना हात आखडता घेतात. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पहिले स्टॅम्प निघाले. एक डॉलरचे नारिंगी विकत घ्या, पन्नास सेंटचे निळे वर मिळवा, निळ्यांवर शेतकऱ्यांचा उरलेला माल. १९६१ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडींनी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, खाणी बंद पडत चाललेल्या कोळसापट्ट्यात, योजना पुन्हा सुरू केली, १९६४ मध्ये कायदा झाला. तरी स्टॅम्प विकतच घ्यावे लागत. मिसिसिपीच्या डेल्टात काउंट्यांनी फुकट धान्यवाटप थांबवून स्टॅम्प आणले तेव्हा यंत्रांमुळे कापसावरचं काम गेलेल्या काळ्या मजुरांकडे स्टॅम्प घ्यायलाही रोकड नव्हती. एप्रिल १९६७ मध्ये त्या केनेडींचे भाऊ, सिनेटर रॉबर्ट केनेडी, तिथल्या झोपड्यांत जाऊन पोटं फुगलेली मुलं बघून आले. विकत घेण्याची अट जायला तरी पुढे दहा वर्षं लागली. डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न आणि रिपब्लिकन बॉब डोल या दोन सिनेटरांनी मिळून ती १९७७ मध्ये काढवली. आज कार्ड इतर कुठल्याही बँक कार्डासारखं दिसतं, रंगीत कागद मोजत बसावं लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

मग राहतं काय? वेळच राहतो.

अर्जासाठी ओळखपत्र, चार आठवड्यांच्या पगारचिठ्ठ्या, भाडेकरार, विजेचं बिल. मग मुलाखत, बहुतेक फोनवर. फोन येतो तो दिलेल्या वेळेच्या आगेमागे, अनेकदा क्रमांक न दाखवता, आणि ज्या नोकरीत शिफ्टभर फोन लॉकरमध्ये ठेवायचा असतो तिथे तो चुकतो. मुलाखत चुकल्याची नोटीस टपालाने येते. ती हातात पडेपर्यंत परत फोन करण्याची मुदत बरीच सरलेली असते. आपण फोन केला तर रांगेत तास जातो, आणि प्रीपेड फोनवर त्या तासाचे पैसे लागतात. निर्णयाला कायद्याने तीस दिवस. घरात जवळपास काहीच नसेल, महिन्याचं उत्पन्न १५० डॉलरहून कमी आणि हाताशी रक्कम १०० हून जास्त नसेल, तर सात दिवस. एकदा मंजूर झालं की सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा कागद. पात्रता संपलेली नसताना केवळ एखादा कागद उशिरा पोचला म्हणून नाव गळणं, महिना-दोन महिन्यांनी नव्याने अर्ज करून परत आत येणं, हे इतकं नेहमीचं आहे की कार्यालयांना त्याचं वेगळं मोजमाप ठेवावं लागतं. मधल्या महिन्यांत शेजारीण, चर्च, नाहीतर गरजूंना फुकट धान्य देणारी फूड बँक.

तासिका तत्त्वावर शिफ्ट मिळणाऱ्यांवर आणखी एक घड्याळ लावलेलं आहे. लहान मुलं पदरी नसलेल्या, धडधाकट ठरवलेल्या प्रौढाने महिन्याला ८० तासांचं काम किंवा प्रशिक्षण दाखवलं नाही तर छत्तीस महिन्यांत फक्त तीन महिने मदत मिळते. १९९६ चा हा नियम आधी पन्नाशीच्या आतल्यांना होता. जुलै २०२५ च्या कायद्याने तो ६४ वर्षांपर्यंत नेला, आणि चौदा वर्षांवरचंच मूल असलेले आईबापही त्यात आणले. साठीला आलेल्या, गुडघे गेलेल्या हॉटेल कामगाराने वैद्यकीय सवलत मागायची तर डॉक्टरचं पत्र हवं, डॉक्टरसाठी विमा हवा. मॅनेजरने मंदीच्या आठवड्यात अठरा तासच दिले तर ८० भरत नाहीत. वेळापत्रक त्याच्या हातात नसतं, पुरावा मात्र त्यानेच द्यायचा.

मराठी घरांना हे सगळं दूरचं वाटतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना हे कार्ड मिळतच नाही. मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांना बहुतेक करून पाच वर्षं थांबावं लागतं, आणि त्यानंतरही घरात कुजबुजत विचार होतो, कारण सरकारी मदत घेतली तर पुढे कागदपत्रांत अडचण येईल ही भीती वकिलाच्या सल्ल्याहून मोठी असते. पण दुकान चालवणाऱ्या, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणाऱ्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मराठी बायकाही या देशात आहेत. त्यांच्याबद्दल मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही.

कार्डात पैसे पडण्याचा दिवस राज्याराज्यांत वेगळा, बहुधा नावाच्या आद्याक्षरावर किंवा केस क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवर ठरलेला. मध्यरात्रीनंतर रक्कम जमा होते, आणि ज्या वस्त्यांत दुकान रात्रभर उघडं असतं तिथे त्या रात्री बारा वाजता गाड्या भरलेल्या दिसतात, लहान मुलं गाडीच्या खुर्चीत पेंगत असतात. लोक एवढी घाई का करतात, हा प्रश्न ज्यांच्या घरी चार दिवसांपासून दूध नाही त्यांना पडत नाही. महिन्याच्या रकमेतला मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांतच संपतो. त्यात उधळपट्टी बघणाऱ्यांनी रिकामा फ्रीज एकदा भरायला किती लागतं ते मोजावं. आता घाईला नवं कारण मिळालं आहे. बहुतेक राज्यांत या कार्डावर चिप नाही, नुसती चुंबकीय पट्टी आहे. चोर दुकानाच्या यंत्रावर खोटं आवरण बसवून पट्टी आणि पिन उचलतात आणि पैसे पडल्या पडल्या दुसऱ्या राज्यात कार्ड रिकामं करतात. बँकेच्या कार्डावर असं झालं तर रक्कम परत मिळते. इथे केंद्राने चोरी भरून द्यायची तरतूद २० डिसेंबर २०२४ नंतर संपू दिली. जाणकार सल्ला देतात की पैसे पडायच्या आदल्या दिवशी पिन बदला, यंत्राची कड हाताने ओढून बघा, ॲपमध्ये सोय असेल तर कार्ड कुलूपबंद ठेवा. म्हणजे आणखी एक काम, तिच्याच वेळातून.

१ नोव्हेंबर २०२५ ला, खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने केंद्र सरकार ठप्प असताना, कार्डावर पैसे पडलेच नाहीत. न्यायालयांत दावे चालले, काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून रक्कम टाकली, काहींत अर्धी पडली, आणि बारा तारखेला कोंडी फुटेपर्यंत फूड बँकांसमोर मोटारींच्या रांगा लागल्या होत्या. त्या बातम्यांनी ज्यांनी हे कार्ड कधी जवळून पाहिलं नव्हतं त्यांनाही कळलं की ते किती घरांत चूल पेटवतं.

त्या गरम कोंबडीपुरतं बोलायचं तर वाट काढता येते, हे सरकारला माहीत आहे. काही राज्यांत बेघरांना, अपंगांना आणि साठी ओलांडलेल्यांना ठरावीक हॉटेलांत कार्ड वापरता येतं. गरम अन्नाची अट काढून टाकणारी विधेयकं संसदेत पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत. आणि चक्रीवादळाने एखाद्या राज्याची वीज गेली की ते राज्य शेतीखात्याकडे सूट मागतं, काही दिवसांत ती मिळते, दुकानं यंत्रात बदल करतात, आणि तीच भाजलेली कोंबडी काही आठवडे कार्डावर विकली जाते. त्यात काहीही बिघडत नाही, कुणी उधळपट्टीची ओरड करत नाही. वादळात वीज गेलेल्या घराला रांधता येत नाही हे मान्य आहे. बिल थकलं म्हणून ज्या घराची वीज तोडली, त्या घराने सूट मागावी असा फॉर्म नाही.